चालू पॉइंट

वडिलांच्या मोटरसायकलचं इग्निशन मी गेल्या हिवाळ्यात बदललं आणि त्यांच्यापासून लपवलं. त्यांना कळू नये म्हणून जुने पॉइंट जागेवरच ठेवले, फक्त त्यांची वायर सोडवून, टोकाला टेप गुंडाळून टाकीखाली सरकवून दिली. त्यानंतरचे कित्येक शुक्रवार माझे वडील त्या मेलेल्या पॉइंटांची सेवा करत बसले आणि मी शेजारी उभा राहून त्यांच्या हो ला हो करत राहिलो. लोकांच्या पापांच्या मानाने हे काहीच नाही, असं बायको म्हणते. असेलही. मला मात्र ते अजून टोचतं.

ज्यांनी जुन्या गाड्या चालवल्या नाहीत, त्यांना पॉइंट म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गाडीच्या इंजिनाला उजव्या अंगाला डबीसारखं एक झाकण आहे. त्याखाली मसुरीच्या डाळीएवढ्या दोन टिकल्या समोरासमोर असतात. इंजिन फिरतं तशा त्या मिटतात आणि उघडतात. उघडतात त्या क्षणी तिकडे प्लगमध्ये ठिणगी पडते. उघडल्यावर त्यांच्यात किती फट राहते, यावर सगळा खेळ. टिकल्या झिजतात, काळ्या पडतात, मग त्या घासायच्या आणि फट पुन्हा लावायची. विसराळू माणसाच्या हाती अशी गाडी टिकत नाही. माझे वडील विसराळू नव्हते.

अंबरनाथच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असते. वडील तिथल्या एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होते, त्यामुळे आमच्या घरी रविवार शुक्रवारी यायचा. माझी शाळा सकाळची. दप्तर टाकून बाहेर आलो की कंपनीच्या वसाहतीतल्या आमच्या खोलीपुढे गोणपाट अंथरलेलं असायचं, त्यावर पाने, पॉलिश पेपर, पेट्रोलची वाटी, आणि गाडीकडे तोंड करून बसलेल्या वडिलांची बनियनमधली पाठ. फट मोजायला त्यांच्याकडे गेज होता. पण त्यांचा विश्वास लग्नपत्रिकेवर. पत्रिकेचा बोटभर तुकडा कापून ते टिकल्यांमध्ये घालायचे आणि हळूच ओढायचे.

"गेज लोखंडाचा, त्याला काय कळतंय," ते म्हणायचे. "कागद सांगतो. ओढताना थोडा अडायला पायजे, फाटायला नाय पायजे."

घरात आलेली प्रत्येक पत्रिका ते आधी दोन बोटांत चोळून बघायचे, नाव नंतर वाचायचे. पातळ निघाली की हिरमुसायचे. आई म्हणायची, "तुमच्या गाडीला कागद मिळावा म्हणून लोकांनी लग्नं करायची का?"

त्या गाडीवरून आम्ही तिघं चामटोलीला आजोळी जायचो. मी टाकीवर, आई मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी. परतताना अंधार पडायचा. चार्जिंग सहा व्होल्टचं आणि तेही अशक्त. वेग असला की दिवा पिवळा पेटायचा, गाडी हळू झाली की विझायला यायचा. म्हणजे जिथे खड्डा दिसायला हवा, नेमका तिथेच अंधार. खराब रस्ता आला की वडील क्लच दाबून इंजिन उगाच रेटत राहायचे, तेवढ्यापुरता उजेड व्हावा म्हणून. टाकी माझ्या मांड्यांखाली थरथरायची. आई मागून म्हणायची, "यापेक्षा मी कंदील धरून पुढे पळते." वडील हसायचे ते मला त्यांच्या छातीतून पाठीला जाणवायचं. आवाज वाऱ्यात जायचा.

पॉइंट, कंडेन्सर, कॉइल असलं सामान आणायला उल्हासनगर. तिथल्या एका अरुंद दुकानात छतापर्यंत खोकी होती आणि खाली गादीवर एक तरुण सिंधी मालक बसायचा. गिऱ्हाइकाने पॉइंट मागितले की त्याचा प्रश्न ठरलेला.

"ओरिजिनल देऊ का चालू?"

चालू म्हणजे साधा, नकली म्हणा ना, स्वस्तातला माल. सगळ्या बाजाराचा तो शब्द. पण वडील दर वेळी गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "चालूच दे बाबा. बंद नेऊन काय करू?"

मालकही दर वेळी हसायचा. "साईं, तुमचा जोक पण ओरिजिनल नाय, चालू आहे." वडिलांनी नेले ते नेहमी ओरिजिनलच. तरी हा संवाद झाल्याशिवाय पुडी बांधली जायची नाही.

आता आई नाही. वसाहतीतली खोली सुटून जमाना झाला. वडील बदलापूरला माझ्याकडे असतात आणि गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. मीही अंबरनाथलाच एका पॅकेजिंगच्या कारखान्यात आहे, त्यामुळे शुक्रवार आमच्या घरात टिकला. शुक्रवारी आजूबाजूच्या गाड्या ऑफिसांना गेलेल्या असतात, पार्किंग मोकळं असतं आणि वडील गोणपाट घेऊन खाली उतरतात. माझ्याकडे स्कूटर आहे. तरी शनिवारी मी मुद्दाम त्यांची गाडी कामावर नेतो. त्यांनी शुक्रवारी लावलेले पॉइंट शनिवारी कुणीतरी वापरायला हवेत.

अडचण त्यांच्या बोटांची झाली. साखरेने बोटांच्या टोकांची जाण गेली. कागद अडतो की सैल येतो, ते त्यांना कळेना. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण बारीक दिसत नाही. हेडलाइटवर करंट दाखवणारा छोटा काटा आहे. किल्ली चालू करून किक हाताने हळूहळू दाबली की पॉइंट उघडताना तो काटा टुचकन हलतो. वेळ बरोबर लागली की नाही ते त्यावरून समजतं. आमच्याकडे त्याला सुई म्हणतात. आधी ते स्वतः बघायचे. मग मला विचारायला लागले.

"सुई हलली?"

"हलली."

तेव्हा ती खरंच हलायची. कधी लवकर, कधी उशिरा, पण हलायची, आणि मी हलली एवढंच सांगायचो. ते झोपल्यावर दुपारी खाली जाऊन गेजने फट जमेल तशी सुधारून यायचो. कधी जाणं व्हायचं नाही. असंच एका शनिवारी त्यांना मागे बसवून अंबरनाथला डोळे दाखवायला निघालो आणि गाडी भर रस्त्यात बंद पडली. मागे डंपर हॉर्न देत उभा. मी गाडी ढकलत कडेला घेतली. वडील काठीने मागून येत होते. जवळ आले आणि इंजिनाकडे बघत म्हणाले, "पॉइंट काल मीच लावले ना." बस, एवढंच. रिक्षात बसल्यावर दोन्ही हात त्यांनी मांडीवर उताणे ठेवले होते, दुसऱ्याचे असल्यासारखे.

मला ते बघवलं नाही. पुढच्या आठवड्यात मी उल्हासनगरला गेलो. मालकाचे केस पिकलेत, गादीची जागा खुर्चीने घेतलीय. त्याने पूर्ण किट दाखवलं. बारा व्होल्टचं नवीन मॅग्नेट आणि कॉइल प्लेट, म्हणजे चार्जिंग दमदार. आणि त्याच प्लेटवर एक पिकअप, जो पॉइंटांशिवायच ठिणगी पाडायची वेळ सांगतो. शिवाय रेक्टिफायर, नवीन बॅटरी, नवा बल्ब. घासणं नाही, फट नाही. अंबरनाथच्या एका मेकॅनिकने ते सगळं बसवून दिलं. पुलर लावून त्याने जुना मॅग्नेट कडाककन ओढून काढला. शेवटी तो उजवीकडचं झाकण उघडून म्हणाला, "हे पॉइंट काढून टाकू?"

"राहू दे."

"कनेक्शन नाही त्याला. शोला ठेवायचेत?"

"शोला," मी म्हणालो.

त्यानंतर गाडी पहिल्या किकला सुरू व्हायला लागली. मला वाटलं होतं, वडिलांना संशय येईल. दिवा झगझगीत झाला, त्याबद्दल मी फक्त बॅटरी बदलल्याचं सांगितलं. बाकी यश त्यांनी स्वतःकडे घेतलं. का घेऊ नये? शुक्रवारी दोन तास बसायचे, टिकल्या घासायचे, पत्रिकेचा तुकडा ओढायचे आणि विचारायचे, "सुई हलली?" सुई आता पॉइंटांसाठी हलणं शक्यच नव्हतं. मी म्हणायचो, "हलली." मग मी किक मारायचो आणि गाडी धडधडत उठायची. खालच्या मजल्यावरचे निवृत्त शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीतून विचारायचे, "काय काका, निघाला का करंट?" वडील म्हणायचे, "करंट गाडीत भरपूर आहे. तुमच्यात बघा काही शिल्लक आहे का." वर येऊन दोन घास जास्त जेवायचे. सुनेला सांगायचे, बोटं पुन्हा सुधारतायत, गोळ्यांचा गुण आहे. ती माझ्याकडे बघायची आणि मी ताटात बघायचो.

मग तो शुक्रवार आला. वडिलांनी काम संपवलं, झाकणाला टिचकी मारली आणि म्हणाले, "मार." मी किक मारली. एका किकेत सुरू. त्यांनी मान डोलावली, पाने गोळा केले, आणि खिसा चाचपला. पत्रिकेचा तुकडा ते नेहमी बनियनच्या खिशात ठेवतात. तो तिथे नव्हता. गोणपाटावर नव्हता. त्यांनी गाडी सुरू असतानाच झाकणाची पट्टी सरकवली आणि वाकून आत बघितलं.

तुकडा टिकल्यांमध्येच राहिला होता. सोनेरी कडेचं टोक बाहेर आलेलं, इंजिनाच्या लयीत फडफडत होतं. मध्ये कागद असताना टिकल्या मिटत नाहीत. न मिटणाऱ्या पॉइंटांवर गाडी सुरू होत नाही. हे त्यांनीच मला शिकवलेलं.

त्यांनी किल्ली बंद केली. तुकडा चिमटीत धरायला त्यांना जरा वेळ लागला. मग त्यांनी पॉइंटांकडून निघणारी वायर बोटाने चाचपत टाकीखालपर्यंत नेली आणि टेप लावलेलं टोक बाहेर काढलं. शेजाऱ्यांनी पेपर खाली केला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मग इतके शुक्रवार मी काय घासत होतो?"

आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी म्हणालो, "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." ते म्हणाले, "मला वाटलं, हात परत आले."

पुढच्या शुक्रवारी ते खाली उतरले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गॅलरीत बसून वांगणीकडच्या डोंगरांकडे बघत होते. गोणपाट घडी करून दाराआड उभं होतं आणि जाता-येता माझा पाय त्याला लागायचा. मी उल्हासनगर गाठलं आणि मालकाकडे पॉइंटवर चालणारी बारा व्होल्टची साधी कॉइल मागितली.

"साईं, लोक पॉइंटवरून किटवर येतात," तो म्हणाला. "तुमची गाडी रिव्हर्समध्ये चाललीय काय?"

कॉइल मी वडिलांसमोर टेबलावर ठेवली. म्हणालो, "पॉइंट परत जोडायचेत. मला एकट्याला जमणार नाही." हे निदान खरं होतं. त्यांनी कॉइल हातात घेतली, वजन बघितलं.

"चार्जिंग पण जुनं लावणार?"

"तुम्ही सांगाल तसं."

"चार्जिंग राहू दे. लायटीशी माझं भांडण नाय." मग कॉइल खाली ठेवत म्हणाले, "आणि सुई हलली नाय, तर नाय म्हणायचं."

त्या शुक्रवारी आम्ही पिकअपची वायर काढली, नवी कॉइल बसवली, पॉइंटांच्या वायरची टेप काढून जोडणी केली. वडिलांनी फट लावली. मी किल्ली फिरवली, किक हाताने हळूहळू दाबली.

"हलली?"

सुई उशिरा हलली होती, फार उशिरा. बनियनमधली त्यांची पाठ माझ्यासमोर होती, आता अरुंद झालेली. इतके शुक्रवार हलली म्हणायची सवय होती, तोंडात तोच शब्द आला होता.

"नाही," मी म्हणालो. "उशिरा हलतेय."

त्यांनी स्क्रू ढिला केला, पुन्हा लावला. मी पुन्हा दाबली. "नाही." तिसऱ्यांदाही नाहीच. मला वाटलं, आता ते उठतील, वर जातील आणि परत कधी खाली येणार नाहीत. ते उठले नाहीत. थोडे बाजूला सरकले आणि गोणपाटावर आपल्या शेजारी हात थोपटला.

"बस. स्क्रू तू धर. मी किक दाबतो, तू सुई बघ आणि बोलत राहा."

आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून बसलो. माझ्या हातून फट आधी जास्त झाली, मग टिकल्या एकमेकींना चिकटूनच बसल्या. ते म्हणाले, "तू तर माझ्यापेक्षा वाईट लावतोस रे."

"शिकवणाराच तसा," मी म्हणालो.

ते छातीतून हसले. मी स्क्रू पुन्हा फिरवला, त्यांनी किक दाबली.

"काय म्हणते सुई?"

"नाही हलली."

"मग काय झालं," ते म्हणाले. "अख्खी दुपार पडलीय."