थुंकीचं भांडं

वाइनच्या कारखान्यात मी धुण्यापुसण्याचं काम करते. तिथं लोक चव घ्यायला येतात. टेबलावर तांबड्या वाइनचे ग्लास मांडलेले असतात, कुठली आपल्या नाशिककडची, कुठली फ्रान्सची, कुठली इटलीची. माणसं ग्लास फिरवतात, वास घेतात, घोट तोंडात खुळखुळवतात, "वा, काय सुंदर आहे," म्हणतात आणि भांड्यात थुंकतात. ते भांडं मी रिकामं करते. सगळ्या देशांची वाइन त्यात लाळेबरोबर एक होते, वर फेस तरंगतो. दुपारी भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की हाताला तोच आंबूस वास येतो.

आमच्याकडे नको असलेल्या माणसाच्या नावानं थुंकतात. आवडलेलं थुंकून टाकणं मी इथंच पाहिलं.

काल चव घेण्याचं सगळं बघणाऱ्या मॅडम मला म्हणाल्या, "टेबलावर ओतून द्यायला बाई हवी आहे. पण तिला चव कळायला हवी. घ्या घोट आणि थुंका." भांड्यातून सुटका होईल म्हणून मी घोट घेतला. तुरट, जीभ आखडून टाकणारा. पण समोर वडीलधारी माणसं बसलेली, त्यांच्यादेखत थुंकायचं कसं? मी गिळून टाकला.

"अहो, असं गिळत राहिलात तर संध्याकाळी तुम्हालाच उचलून न्यावं लागेल," मॅडम हसल्या. "पुन्हा घ्या बघू."

मी तोंडाला पदर लावून नको म्हटलं.

आज टेबलाशी दुसरी बाई उभी आहे. ती न लाजता थुंकते. तिचंही मीच धुते.