दोन फ्रेंच गाड्या आणि श्रीकांतचा डावा गुडघा

आठ वर्षांपूर्वी मी तोंड बंद ठेवलं असतं, तर या प्रवासाची गरजच पडली नसती.

तेव्हा माझा मित्र श्रीकांत एक लाल २०५ जीटीआय गाडी घ्यायला निघाला होता. मी त्याच्याच दिवाणखान्यात उभा राहून भाषण ठोकलं: "फाइव्ह जीटी टर्बो शेजारी उभी कर, दोन्ही चालव, मगच निवड! घाईत घेतं ते गिऱ्हाईक, पारखून घेतो तो इंजिनिअर!" श्रीकांतची हयात डेट्रॉइटमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेलेली. त्याला ते पटलं. तो थांबला. या छोट्या, चपळ फ्रेंच गाड्या अमेरिकेत कधी विकायलाच आल्या नाहीत. पंचवीस वर्षं जुन्या झाल्यावरच सहज आणता येतात. दोन्ही एका दाराशी मिळेपर्यंत आठ वर्षं गेली.

या ऑक्टोबरात ओहायोतल्या एका निवृत्त शिक्षकाकडे दोन्ही विकायला असल्याचं कळलं. शनिवारी सकाळी सातला आम्ही डेट्रॉइटजवळच्या नोव्हायहून निघालो. कोलंबसपर्यंत रस्ता सरळसोट, कंटाळवाणा. हॉकिंग हिल्सची वळणं लागली की मात्र जीव हरखतो. थांबत थांबत सहा तास धरा. पानगळीत मोटेल आधी बुक करा. आम्हाला एकशे चाळीस डॉलर पडले. सोबत वसुधावहिनींची थालीपीठं आणि डिकीत नव्या गाडीच्या पूजेसाठी नारळ, चार लिंबं.

"गाड्या दोन, लिंबं चारच?" मी निघताना विचारलं होतं.

"एकच घ्यायचीय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही तिथे भाषण केलं नाहीत तर."

शिक्षकाच्या अंगणात पोहोचताच श्रीकांत २०५ मध्ये बसला. क्लच दाबला. पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा त्याचा हात गुडघ्यावर गेला. ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, पण तो गुडघा पूर्वीसारखा वाकतच नव्हता.

"तू चालव," तो उतरत म्हणाला. "मी शेजारी बसतो."

टर्बो आधी सुस्त वाटते, मग एकदम पाठीत धपाटा घालून पळते. मजा आहे, पण वळणात तिची वाट पाहावी लागते. २०५ वाट पाहायला लावत नाही. स्टिअरिंगमधून रस्ता तळहातावर उमटतो; फक्त वळणात घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलू नका, मागची बाजू फिरते. संग्रहासाठी कोणतीही घ्या, तळाचा गंज मात्र आधी बघा.

"कुठली?" श्रीकांतने विचारलं.

"२०५."

"म्हणजे तेव्हाचीच."

मी २०५ ची किल्ली त्याच्यापुढे धरली. मग म्हणालो, "घेऊन टाक. मी चालवीन."

"दुसऱ्याने चालवायला मी काय मंत्री आहे?" तो हसला. शिक्षकाचे आभार मानून आम्ही निघालो.

रविवारी दुपारी घरी पोहोचलो. वहिनींनी डिकीतला नारळ पाहिला आणि सरळ स्वयंपाकघरात नेला. तुलना जरूर करा, मित्रांनो, पण गाडी दारात आणून मग करा. ही अक्कल मला दुसऱ्याच्या आयुष्यातली आठ वर्षं खर्चून आली.

श्रीकांतच्या गराजची उजवी बाजू इतकी वर्षं रिकामी होती. लादीवर त्याने खडूने २०५ ची लांबी-रुंदी आखून ठेवलेली. दरवर्षी तो त्या रेघा पुन्हा गिरवायचा.

"जरा हात लाव," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी ढकलत नेऊन बर्फ हटवायचा स्नो-ब्लोअर त्या चौकटीत उभा केला.