भुलोजीच्या जागी हीरो

बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी सुटली आणि माझं धाडस मूर्तिजापूरपर्यंतही टिकेना. पुण्याहून अमरावतीला भावाकडे आले होते, ते निमित्त. खरं जायचं होतं बार्शीटाकळीला, सुनंदाकडे. चाळीस वर्षं घशात अडकलेली एक कबुली द्यायला.

रुळांच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, नुकती फुटू लागलेली कपाशी. मी मात्र सहावीत जाऊन बसले होते. सुनंदा आणि मी अमरावतीत शेजारणी. दोघींचा जीव एकाच सिनेनटावर जडला. कपाळावरची ती बट, ते अर्धवट हसू! अभ्यास बोंबललाच. त्या वर्षी सुनंदाच्या घरी भुलाबाई (वऱ्हाडातल्या मुली कोजागिरीपर्यंत मांडतात त्या शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती) बसल्या होत्या. कोणी नाही असं बघून मी भुलोजीच्या, म्हणजे शंकराच्या तोंडावर मासिकातून कापलेला हीरोचा चेहरा भाताच्या शितांनी चिकटवला. संध्याकाळी गाण्यांना बाया जमल्या आणि एकच गहजब झाला. “कोणाचं काम हे?” सुनंदाच्या आईने विचारलं. मी मान खाली घातली. घर सुनंदाचं, म्हणून धपाटेही तिलाच. माझ्या त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

अकोल्याहून बस धरली. शेजारी सीताफळांची टोपली घेतलेली बाई.

“कोणाकडं चालल्या?”

“मैत्रिणीकडे.”

“अन् रिकाम्या हातानं? काहून, शहरात अशीच रीत हाय?”

मुकाट्याने सहा सीताफळं घेतली. पुढच्याच खड्ड्यात त्यातली दोन माझ्या मांडीवर फुटली.

तशाच चिकट साडीने सुनंदाच्या दारात उभी राहिले. तिने पातोडीची (बेसनाच्या वड्यांची) झणझणीत भाजी आणि भाकरी केली होती. दुसऱ्या घासालाच मी सगळं सांगून टाकलं. डोळ्यांत पाणी आलं, ते काही नुसतं तिखटाचं नव्हतं.

“मले माईत हाय,” ती शांतपणे म्हणाली. “तुह्या बोटाले शितं चिकटून होती.”

“मग बोलली का नाहीस?”

“कायले बोलू? दोन धपाट्यात इषय संपला. पण आळीतल्या बाया वरीसभर मले त्या हीरोच्याच नावानं चिडवत राह्यल्या. ‘सुनंदाचा नवरा’ म्हनत त्याले! असं सुख कोनी सोडते काय वं?”

आणि ती अशी लाजली, की समोर सहावीतलीच सुनंदा दिसली.

परतीच्या गाडीत मन हलकं व्हायला हवं होतं. माफी मागायचीसुद्धा गरज उरली नव्हती. पण बडनेरा आलं तरी मी धुमसतच होते. बावन्न वर्षांची, घरात सून आलेली बाई मी, आणि सुनंदाचा मला हेवा वाटत होता. कात्री माझी, शितं माझी, धाडसही माझं. त्या संध्याकाळी नुसतं “मी केलं” म्हटलं असतं, तर वर्षभर तो माझा नवरा असता.