कौलांवर चढलेलं चेडू

बांद्याहून मी माहेरी आले ती दिवाळी झाल्यावर, एका पिशवीनिशी. नवऱ्याचा हात उठायचा. काही वर्षं सोसलं, मग एका सकाळी सरळ एसटी धरली. मिठबावच्या घरात आई आणि बाबा दोघंच असायचे. बाबा होडीवर जाणारे. पण त्याच वर्षी होडी वर ओढताना ते घसरले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मी आले तेव्हा ते काठी टेकत पडवीपर्यंत यायचे, त्यापुढे नाही.

आमच्याकडे थंडीला कोणी भीत नाही, घराची तयारी करायची ती पावसासाठी. मे महिन्यात कौलं परतायची, म्हणजे फुटकी काढून नवी घालायची, पालापाचोळा झाडायचा, सरकलेली जागेवर बसवायची. हे काम बाबा दरवर्षी स्वतः करत. यंदा त्यांनी वाडीतल्या एका गड्याला सांगून ठेवलं होतं. तो आंब्याच्या बागेत कामाला लागला आणि निरोप आला की आंब्याच्या पेट्या भरून संपल्याशिवाय सवड नाही.

त्या वर्षी फणसावर माकडांनी उच्छाद मांडला होता. फणसावरून उडी मारली की ती थेट आमच्या कौलांवर. माजघरात उभं राहिलं तर जागोजागी आभाळ दिसायचं.

बाबा म्हणाले, "यंदा पिलास्टिक घालूया. वर दगड ठेवले की झाला."

"एका वाऱ्यान उडात ता," मी म्हटलं. "मी चडतंय."

"बायल माणूस घरार चडणा नाय."

"मग कोण चडतलो? तुमी?"

हे मी बोलायला नको होतं, असं आईच्या चेहऱ्यावर दिसलं. मी आत गेले, बाबांची जुनी पॅन्ट चढवली, कमरेला सुंभ बांधला आणि मागच्या दारची शिडी ओढत अंगणात आणली. आईने शिडीचं दुसरं टोक धरलं.

पहिलंच कौल माझ्या पायाखाली फुटलं. काड्‌ असा आवाज झाला आणि मी हात टेकून ओणवी झाले. खाली बाबा पडवीच्या कठड्याला धरून उभे होते. मला वाटलं, आता उतर म्हणतील.

"मधी पाय दिव नको," ते म्हणाले. "कौलार कौल चडता थंय पाय ठेव. खाली रीप आसता."

मी पाय उचलला आणि त्यांनी सांगितलं तिथे, रिपेच्या लाकडी पट्टीवर ठेवला. तो टिकला. मग ते सांगत गेले आणि मी करत गेले. बोटाने कौल वाजवायचं. धड असलं तर खणखणतं, तडकलेलं असलं तर आवाज बसका येतो. आई टोपलीत कौलं भरायची, मी दोरीने वर ओढायची. एका कौलाखाली विंचू निघाला, तो मी चपलेने ठेचला आणि तसाच खाली फेकला. उन्हाने पाठ भाजत होती, तळवे सोलले होते. तरी आढ्याजवळ पोहोचले तेव्हा माडांच्या पलीकडे समुद्र दिसला. या घरात लहानाची मोठी झाले, पण घरावरून समुद्र दिसतो हे मला ठाऊक नव्हतं.

दुपारी शेजारचे काका अंगणाच्या दगडी गडग्यापाशी येऊन उभे राहिले. वाडीत कुणाचं काय चुकतं हे सांगायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलेलं होतं.

"ह्या काय चलला हा?" ते बाबांना म्हणाले. "घो सोडून इलेला चेडू, ता पॅन्ट घालून कौलार? घरात पुरुष नाय काय रे?"

मी हातातलं कौल तसंच धरून थांबले. बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि आधाराविना उभे राहिले.

"पुरुष मी आसंय हंयसर," ते म्हणाले. "माका चडाक जमणा नाय, माजा चेडू चडता. तुका बगूचा आसात तर बस. नायतर वाटेक लाग."

काका निघून गेले. बाबांनी भिंतीचा आधार घेत पुन्हा काठी उचलली.

आठवडाभरात बांद्याहून माझे थोरले दीर आले. बातमी तिथवर पोहोचली होती. आईने चहा दिला.

"जा झाला ता झाला," ते मला म्हणाले. "पण तू पॅन्ट घालून घरार चडलंस, ह्या बाजारात सगळे बोलतत. आमका तोंड दाखवूक जागा रवाक नाय. कपडे भर आणि चल."

"भावोजी, तुमचो भाव माका मारी तेवा लोकांक तोंड दाखवित होतास मां तुमी?"

"घोव-बायलेत असा चलताच."

"मी येवचंय नाय."

त्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा जाळ्याची गाठ मारत होते, त्यांनी मान वर केली नाही. मग आई बोलली. आयुष्यात ती पाहुण्याशी इतकी थोडक्यात कधी बोलली नव्हती.

"चाय निवता. पिया, नायतर यष्टी चुकात."

त्यांनी चहा तसाच ठेवला. मी तो मोरीत ओतला आणि कप घासून ठेवला. मनात चुकलं असं कुठेच वाटत नव्हतं. त्याच संध्याकाळी पडवीला माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधले आणि घर पावसाला तयार झालं.

शेजारचे काका पुढे कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

पावसात माजघर कोरडं राहिलं, स्वयंपाकघरात मात्र चुलीवर धार लागली. ओल्या कौलांवर चढणं शक्य नव्हतं. मी आतून माळ्यावर गेले, डब्याचा पत्रा कापून कौलांच्या फटीत सारला. बाबा खालून म्हणाले, "आणखी वर. अजून. हां, रवांदे." पाणी थांबलं. आईने चूल पुसून पुन्हा पेटवली आणि पेजेचं भांडं वर ठेवलं.