आतून न पाहिलेलं घर

टाकानिनी या उपनगरातल्या आमच्या नव्याकोऱ्या घरात शिरताना शेजारचे म्हातारे इंग्रज बाबा दर वेळी डोकं वाकवायचे. उंची जेमतेम साडेपाच फूट आणि आमचं दार चांगलं ऐसपैस. विचारलं तर म्हणायचे, "जुनी सवय." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, राहतात एका घरात आणि वावरतात दुसऱ्याच.

बाबांचं ते दुसरं घर इंग्लंडातल्या एका खेड्यात होतं, तीनेकशे वर्षांचं, अगदी बुटक्या दारांचं. त्यांचे वडील तिथे शेतमजूर होते. अकराव्या वर्षी बाबा बोटीने इकडे, जगाच्या पार दुसऱ्या टोकाला आले. २०१५च्या सुमाराला त्यांना इंटरनेटवर सापडलं, की ते घर आता सरकारच्या संरक्षित यादीत आहे. ओकच्या लाकडाचा सांगाडा, गवताचं छप्पर, विटांचं धुराडं, सगळ्याची नोंद होती. शेवटी एक ओळ होती: आतील भाग पाहिलेला नाही.

"मी आत राहिलोय," बाबा म्हणाले. चांगलेच दुखावले होते.

मी जवळच ईस्ट टामाकीला एका कंपनीत घरांचे नकाशे काढते. आठवण पुसट व्हायच्या आत घर आतून कागदावर उतरावं, एवढाच त्यांनी ध्यास घेतला. दर शनिवारी ते सांगायचे, मी काढायचे.

"भिंतीत काठ्या विणायच्या, वरून माती आणि शेण," ते मला समजावत होते.

"आमच्याकडे याला कूड म्हणतात. कोकणात अजून आहेत."

म्हातारा इतका खूश झाला, की "कूड, कूड" करत त्याने बिस्किटांचा पुडा संपवला.

पहिला नकाशा मी छापून नेला. कोपरे काही केल्या काटकोनात बसेनात, म्हणून मी गुपचूप सरळ केले होते. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"छान घर आहे. कोणाचं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळं पुन्हा काढायला घेतलं. वाकडी भिंत वाकडी, कललेली जमीन कललेली. त्यात ऑफिसचं काम निघालं आणि दोन आठवडे गेले. तेवढ्यात चार दिवसांसाठी म्हणून दुसऱ्या शहरात, रोटोटुनाला मुलीकडे गेलेले बाबा तिथेच वारले.

मुलगी घर आवरायला आली, तेव्हा बाबांनी न पाहिलेला तो नवा नकाशा मी पुरा करून नेऊन दिला. तिने तो टेबलावर पसरला.

"डॅडनी आम्हाला यातलं कधीच काही सांगितलं नाही. ही खोली कोणाची?"

"तुमच्या आजीची."

"आणि ही खिडकी?"

"सफरचंदाच्या झाडाकडे उघडायची."

मी इंग्लंडला कधी गेलेले नाही. तरी तिला घरभर फिरवत होते.

तिने जिन्याखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे काय होतं?"

ते मी त्यांना विचारलंच नव्हतं.