नाकारा

माझं डोकं फिरलं होतं. सरळ सांगते, फिरलंच होतं. इंद्रलोक कॉलनीतलं आमचं घर, सुट्टीची सकाळ, मांडीवर लॅपटॉप, त्याला वायरने जोडलेला आईचा मोबाईल आणि स्क्रीनवर तेच ते: फोल्डर रिकामा आहे. अरे, रिकामा कसा असेल? त्यात आईची गाणी आहेत. तिने स्वतः रचलेली, जयंतीला विहारात उभं राहून म्हटलेली. कागदावर एक ओळ नाही. पोळ्या लाटताना काही सुचलं की ती मोबाईलमध्ये म्हणून ठेवते आणि पुन्हा लाटायला लागते.

तो मोबाईल आता शेवटच्या घटका मोजत होता. हातातून पडल्यापासून स्क्रीनवर हिरवी रेघ, आणि वरच्या अर्ध्या भागाला टच लागेना, त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवायला फाईलही निवडता येत नव्हती. जेसल पार्कच्या दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "दो-चार दिन चलेगा, जो निकालना है निकाल लो." काढायचं कसं, ते मात्र त्याने सांगितलं नाही. नवी वायर तेवढी विकली, आणि ती निघाली नुसत्या चार्जिंगची! परत गेले, भांडले, डेटाची वायर आणली. तरी फोल्डर रिकामाच. ड्रायव्हर टाकला, लॅपटॉप बंद-चालू केला, कस्टमर केअरच्या बाईला फोन लावला. मी काहीही सांगितलं तरी ती गोड आवाजात रिस्टार्टच करायला सांगत होती. एवढा पैसा ओततात या कंपन्या जाहिरातींवर, आणि आईची चार गाणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जात नाहीत म्हणजे काय?

मोबाईल मात्र आईच्याच हातात. पुन्हा पडेल म्हणून ती मला देईना. दिवाणावर बसून, वायर ताणली जाऊ नये म्हणून ती माझ्याकडे सरकून बसली होती. मी लॅपटॉपशी भांडत होते, ती शांत.

शेवटी वायरची पिन नीट बसली की नाही ते बघायला मी तिच्या हातावर वाकले, पिन काढून पुन्हा लावली, तेव्हा दिसलं. वायर लागताच मोबाईलवर चौकोन आला: फोनमधल्या डेटाला परवानगी द्यायची का? खाली दोन शब्द. आईच्या अंगठ्याने जराही न थांबता 'नाकारा' दाबलं.

"आई! तू दरवेळी हेच दाबतेस?"

"मग? त्यानं विचारलं, मी नाही म्हणाले."

मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. दोन दिवस मी वायरीला, लॅपटॉपला, त्या बिचाऱ्या कस्टमर केअरवालीला शिव्या घातल्या, आणि ही बाई बाजूला बसून शांतपणे नाकारतेय! तिने मला बोलू दिलं. मग सांगितलं, आजवर कधीच न सांगितलेलं. काशीगावकडच्या एका गायकाने मागे विहारात गाणी ऐकून घेतो म्हणून तिचा मोबाईल मागितला होता. हिने विश्वासाने दिला. पुढे तिचंच गाणं त्याच्या नावाने नेटवर आलं, ढोलकी-बिलकी लावून. आमच्याकडे गाणं रचणाऱ्याचं नाव शेवटच्या कडव्यात असतं. त्याने ते कडवंच कापलं होतं.

"तव्हापासून कुणी मागितलं तर मी नाहीच म्हणते," आई म्हणाली.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. नालायक माणूस! हजारो लोकांनी ऐकलं असेल ते, वाहवा केली असेल, आणि ही इथे पोळ्या लाटत बसलीय. मी चपला घालायला उठले, आत्ता जाते काशीगावला म्हणून. आईने माझा हात धरून खाली बसवलं.

"त्याचं नंतर बघ. आधी तुझ्या त्या कम्प्युटरात महं नाव लिही."

मी नवा फोल्डर केला, तिचं नाव टाईप केलं. तिने चष्मा शोधला, लॅपटॉप जवळ ओढला आणि अक्षरावर बोट ठेवत वाचलं.

"आडनाव कुठंय?"

आडनाव घातलं. तिने पुन्हा वाचलं आणि वायर काढून पुन्हा लावायला सांगितलं. चौकोन आला. या वेळी तिने दुसरा शब्द दाबला, आणि गाणी एकेक करून तिच्या नावाखाली यायला लागली. मी पहिलंच गाणं उघडलं आणि थेट शेवटच्या कडव्यावर नेलं. नाव होतं.