शेजारच्या गावाला न दिसणारी कॅरन

"माझं नाव टाइप कर आणि स्क्रीनवर काय येतं ते मला दाखव," कॅरन म्हणाली.

सोमवारी गो-लाइव्ह होतं, म्हणजे नवी सिस्टिम सगळ्यांसाठी सुरू व्हायची होती, आणि माझं डोकं आधीच तापलेलं. २००४च्या सुमाराची गोष्ट. मॅसॅच्युसेट्समधली ही छोटी गावं. प्रत्येकाचा टाउन हॉल वेगळा, पोलीस वेगळे, फायर डिपार्टमेंट वेगळं. दोन गावांमध्ये एका रस्त्याचं अंतर, पण पलीकडची माहिती हवी तर फोन करा, फॅक्स करा आणि वाट बघत बसा. हे संपवायला पाच गावांनी मिळून आमच्या कंपनीला काम दिलं होतं. एका गावात नाव टाकलं की बाकी चार गावांतली नोंदही समोर यायची. मी श्रूजबरीच्या घरून रोज ड्राइव्ह करून त्यातल्या एका गावाच्या टाउन हॉलमध्ये टेस्टिंगला जायची.

कॅरन त्या टाउन हॉलच्या पाणीबिलाच्या खात्यात आतल्या खोलीत बसायची. कामाला वाघ, बोलायला कंजूष. मी तिचं नाव टाकलं. गावाचं नाव आलं आणि पत्त्याच्या जागी, 'रिस्ट्रिक्टेड'.

"बघ, झाकलाय," मी जरा टेचात म्हटलं. कोर्टाच्या ऑर्डरनं ज्यांचा पत्ता गुप्त ठेवायचा असतो, त्यांच्यासाठीचा हा भाग मीच लिहिला होता.

तिनं खुर्ची ओढली. "माझा एक्स-हजबंड पलीकडच्या गावात डिस्पॅचर आहे." डिस्पॅचर म्हणजे ९११चे फोन घेऊन पोलीस, ॲम्ब्युलन्स पाठवणारा. "त्याला वाटतंय, मुलीला घेऊन मी लांब बहिणीकडे गेले, दुसऱ्या स्टेटमध्ये. सोमवारी तुझी स्क्रीन त्याच्यासमोर उघडेल. पत्ता कशाला हवा त्याला? मी ह्या गावात आहे एवढं कळलं तरी तो मला शोधून काढेल."

बाप्पा! अख्खी सिस्टिम आम्ही हॅकरच्या धास्तीनं बांधली होती. माहिती इकडून तिकडे जाताना मध्ये कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्शन, म्हणजे मजकुराला कुलूप. सगळं कडेकोट. आणि ज्याची ह्या बाईला भीती, त्यालाच आम्ही रीतसर लॉगिन देणार होतो.

मी तडक मिलिंदकडे गेले आणि सगळं सांगितलं. मिलिंद माझा मॅनेजर, पुण्याचा. आवाज कधी चढवायचा नाही. मी नागपूरची, माझा आवाज आधी चढतो, मुद्दा मागून येतो.

"त्या एका माणसाचं लॉगिन बंद करू," तो म्हणाला.

"अरे, आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसतो त्याचं काय करशील? बाकीच्या गावांना ती दिसायलाच नको. 'नोंद नाही' असंच उत्तर जायला हवं."

"म्हणजे सिस्टिमनं खोटं बोलायचं? अगं, मग सिस्टिमवर विश्वास कोण ठेवेल? उद्या कॅरनच्या घराला आग लागली, शेजारच्या गावाचा बंब मदतीला आला, तर त्यांना काय सांगशील?"

प्रश्न बरोबर होता, हाच तर वैताग. खोटं उत्तर देणारा प्रोग्रॅम मी कधी लिहिला नव्हता. आमच्या धंद्यात त्याला बग म्हणतात. ती दुपार माझी नुसती चरफडण्यात गेली.

शेवटी कॅरनच्या गावच्या पोलीस चीफच्या केबिनमध्ये बसून मार्ग निघाला. तिच्या स्वतःच्या गावाच्या डिस्पॅचला सगळं दिसेल; बाहेरचा बंब आलाच तर पत्ता तेच रेडिओवरून सांगतील. बाकीच्या गावांना 'नोंद नाही'. चीफनी एक भर घातली. असं नाव बाहेरून कुणी शोधलं तर लगेच त्यांना ईमेल आलं पाहिजे.

परतताना गाडीत मिलिंद म्हणाला, "गो-लाइव्ह पुढे ढकलतो. पाचही गावांच्या शिव्या मी खातो. तू लिही." त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला.

गो-लाइव्हनंतर काही आठवड्यांनी चीफना ते ईमेल आलं. शोध पलीकडच्या गावातूनच झाला होता. लॉगिन मात्र कॅरनच्या एक्स-हजबंडचं नव्हतं, त्याच्यासोबत काम करणाऱ्या एका बाईचं होतं. कुठल्या गावातून तक्रार आली ते त्याला कळू नये म्हणून चौकशी पाचही गावांच्या नावानं लावली. ती बाई रडायलाच लागली. "तो म्हणाला, मुलीला वाढदिवसाचं कार्ड पाठवायचंय. मला वाटलं, बाप आहे बिचारा." तिला खरंच तसं वाटलं होतं. त्याची नोकरी गेली, ती सस्पेंड झाली. मला तिचं वाईट वाटलं, अजून वाटतं.

मी कॅरनला सांगायला गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्याला उत्तर काय मिळालं?"

"नोंद नाही."

ती खुर्चीत मागे टेकली. म्हणाली, "थँक्यू," आणि पुन्हा बिलं काढायला लागली.

आमच्या एन्क्रिप्शनला कुणी हातसुद्धा लावला नाही. गरजच पडली नाही. एका भल्या बाईनं स्वतःच्या पासवर्डनं, सरळ मनानं विचारलं होतं. तेव्हापासून नवं काम आलं की हॅकरचं मी नंतर बघते. आधी विचारते, इथे कुणाला कुणापासून लपायचंय?